नव्या टायरांचे जुने ठसे

तुमच्या मासिकात छापून येणारे अनुभव मी वाचतो ते दुसऱ्यांची नाडी पाहावी तसे... याला ताप असेल, तो भ्यायला असेल, त्याने संध्याकाळी घेतली असेल. भूत, देव, चमत्कार यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. देवघर हे आमच्या घरात पत्नीचं खातं. तरीही आज लिहायला बसलोय. इतकी वर्षं गप्प राहिलो तो भीतीने नाही, निव्वळ शरमेने.

जव्हार तेव्हा संस्थान होतं. बाजाराच्या मागच्या बाजूला माझा खासगी दवाखाना होता आणि दारात एक सेकंडहँड मोटर. कापडी छपराची, हाताने दाबायच्या रबरी भोंग्याची. त्या भागात मोटर म्हणजे मोठी ऐट, आणि ती मी पुरेपूर मिरवत असे. महिन्यातून एकदा मी मोखाडा, खोडाळा करत सूर्यमाळच्या चढापर्यंत फेरी मारायचो. पाड्यात मात्र मी जात नसे. रस्त्यावर मोटर उभी करायची, भोंगा वाजवायचा, की लोक रोग्याला उचलून किंवा डोलीत घालून खाली आणत. मी सीटवर बसल्या बसल्या जीभ बघायचो, औषध द्यायचो आणि पुढे जायचो. प्यायचं पाणी थर्मासमध्ये घरचं, उकळलेलं. पाड्यातलं कुणी लोटा पुढे केला की मी हाताने ‘नको’ म्हणायचो. यात काही गैर आहे असं मला खरोखर वाटत नव्हतं. उलट वेळ वाचतो म्हणून मी खूश होतो.

त्या उन्हाळ्यात टायरांनी मान टाकली. आतलं सुताचं कापड दिसायला लागलं होतं, एका टायरात तर मी जुन्या टायरचा तुकडा घालून दिवस काढले होते. टायर मिळायचे नाशिकला. रिमवर नवा टायर चढवणं जव्हारात कुणाला जमेना, म्हणून मी चारही चाकंच काढली. मोटर दारात सागाच्या ठोकळ्यांवर बसवली आणि चाकं प्रवासी सर्व्हिस मोटरच्या टपावर बांधून नाशिकला गेलो.

दुकानात मी टायर निवडायला अर्धा दिवस घालवला. लग्नाचं लुगडं घेताना बायका घालवत नाहीत एवढा! शेवटी एक जोडी... दोन जोड्या पसंत पडल्या. त्यावर शंकरपाळ्यासारखी नक्षी होती आणि प्रत्येक शंकरपाळ्यात एक तिरकी रेघ. “हा माल कालच उतरलाय. पहिले टायर तुमच्याच गाडीला,” दुकानदार म्हणाला. मी फुगलो. येताना वाटेत प्रत्येक थांब्यावर खाली उतरून टपावरची चाकं नीट आहेत ना, ते बघत होतो. खरं सांगायचं तर कुणी त्यांच्याकडे बघतंय का, तेही बघत होतो.

घरी आलो तर पत्नीचा चेहरा उतरलेला. “सूर्यमाळकडचा काळू म्हातारा परवा आला होता,” ती म्हणाली. “त्याची सून सोमी अडली आहे. मूल आडवं आहे म्हणत होता. दिवसभर चालून आला बिचारा. तुम्ही नाशिकला गेलात म्हटलं. ठोकळ्यांवरची मोटर बघितली, दोन घास खाल्ले आणि तसाच परत गेला.”

“आणखी काही म्हणाला?”

“काही नाही. चाकं कुठे गेली, एवढंच विचारलं.”

मी चाकं बसवली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. आडव्या मुलाची बाई एवढा वेळ टिकत नाही, हे मला कळत होतं. नवे टायर काय सुरेख चालत होते! आणि ते सुरेख चालताहेत हे त्याही वेळी मला जाणवत होतं, याची मला आज किळस येते.

पाड्याखालच्या वळणावर नेहमीप्रमाणे थांबलो आणि भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. सगळं संपलं असणार म्हणून मी खाली उतरलो आणि मोटरच्या पुढे आलो.

समोरच्या धुरळ्यात टायरांचे ठसे होते. माझ्या पुढच्या चाकांच्याही पुढे, जिथे माझी मोटर अजून पोचलीच नव्हती तिथे. शंकरपाळे आणि आत तिरकी रेघ. मोहाच्या झाडाखाली कुणी तरी मोटर वळवली होती. ठशांवर पाखरांची पावलं उमटलेली, कडा ढासळलेल्या. दोन-तीन दिवसांपूर्वीचे तरी असतील. मी उकिडवा बसून बोटाने चाचपत होतो, तेवढ्यात काळू उतारावरून आला. हसत.

“भोंगा कशाला रं वाजवतो आता? घर बघितलाय ना तू? चल.”

पाड्यातली माणसं सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात. पण त्या दिवसाच्या ‘तू’मध्ये माया होती, ती मला नवी होती.

“सोमी?” मी विचारलं.

“बरी हाय. पोरगा हाय. तूच तर केला सगळा!”

मी त्याच्या मागून गेलो. वाटेत दोन झोपड्या लागल्या, तर मी पहिलीकडे वळलो. “ती नाय, पुढची. इसरला काय?” म्हणून तो पुन्हा हसला. आत सोमी भिंतीला टेकून बसली होती, कुशीत मूल. काळूची म्हातारी मला बघून उठली आणि न विचारता लोटा भरून आणला. त्या दिवसांत तिथल्या बायका डोंगर उतरून झऱ्यावर वाटी-वाटीने पाणी भरत. मी लोटा हातात धरून उभा राहिलो.

“पी की,” म्हातारी म्हणाली. “तवा दोन लोटे प्याला व्हतास.”

मग तिने सांगितलं. काळू जव्हारला गेला असताना मोटर आली. भोंगा वाजला नाही. मी म्हणे आत आलो, जमिनीवर बसलो, सोमीच्या पोटावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ हळूहळू मूल वळवलं. मध्येच तिला धीर देत होतो. पोरगा रडला तेव्हा मीही रडलो.

हे बाहेरून मूल वळवणं मी कॉलेजात लांबून एकदा पाहिलं होतं. माझ्या हाताने जन्मात कधी केलं नव्हतं.

“आजी, तो मी नव्हतो,” मी म्हणालो. “मी नाशिकला होतो. मोटरला चाकं नव्हती... काळू, तू स्वतः बघितलंस ना?”

“बघितली की, ठोकळ्यावर,” काळू शांतपणे म्हणाला. “मला काय कळत नाय? घरी आलो तं तू येऊन गेलेला. आता चाकं नव्हती तं नव्हती. तू आला, मायलेकरं जगली. बास.” आणि तो म्हातारा माझ्या पाया पडला. त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी नंतर खूप चौकशी केली. तशा टायरांची दुसरी मोटर त्या बाजूला कुणी पाहिलेली नव्हती. नाशिकच्या दुकानदारानेही माझ्याआधी कुणाला ते विकले नव्हते. म्हातारीची नजर अधू म्हणावी, तर ठसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मला आजही काही उलगडा झालेला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक पाड्यात उतरून आत जायला लागलो, जमिनीवर बसलो, दिलेलं पाणी प्यालो. मूल वळवायलाही शिकलो, मुंबईला जाऊन. लोक मला देवमाणूस म्हणत. मी आपला कुणाची तरी नक्कल करत होतो, आणि तीही बेताचीच.

एक गोष्ट मात्र मी पत्नीलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी म्हातारी बाहेर गेली, काळू दारात बसला आणि मी सोमीची नाडी बघायला तिचा हात हातात घेतला. तिने माझ्या बोटांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं. हात हळूच सोडवून घेतला. काळूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अगदी साधेपणाने तिने मला विचारलं,

“तो पुन्हा कवा येल?”