जनरेटरवर नसलेली लिफ्ट

१९९६च्या मे महिन्यात, भर दुपारी, हजरतगंज बाजारातल्या एका कार्यालयाची वीज गेली आणि माझी दमेकरी आई, मी आणि लिफ्टमन दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. तिथे अभियंता असलेल्या बाबांना आम्ही डबा द्यायला आलो होतो. आईचा दम्याचा पंप इंदिरा नगरला, घरीच राहिला होता. अंधारात तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मग जाळीच्या दारातून डिझेलचा धूर आत आला आणि वरून बाबा ओरडले, "घाबरू नका, जनरेटर सुरू झालाय!" लिफ्ट हलली नाही. लिफ्टमन हळूच म्हणाला, "बहनजी, उस पर तो साहब लोगों के कूलर हैं." मी ओरडले, "बाबा, लिफ्ट का नाही जोडली?" "लोड बसत नव्हता गं," ते म्हणाले, जनरेटरवर काय जोडायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. आई धापा टाकत म्हणाली, "तुमचा कूलर चालू आहे ना? मग झालं." वीज आली तेव्हा तिला चालवत नव्हतं. पुढे नगर-तंत्रज्ञानाच्या, म्हणजे शहरातल्या वीज-पाण्यासारख्या सोयींच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश-मुलाखतीत, हाच विषय का, असं विचारल्यावर मी ही लिफ्ट सांगितली. ती आता जनरेटरवर आहे का, असं एका परीक्षकांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही." बाबा निवृत्त झाले त्या दिवशीही कार्यालयाची वीज गेली होती आणि आम्ही तिघं जिन्याने उतरलो.