अंथरुणाची घडी

कमलअक्का वारली इस्पितळात, पण मला तिची शेवटची म्हणून आठवते ती आदल्या आठवड्यातली भेट, तिच्या मल्लेश्वरमच्या घरातली. टॅक्सी दारात उभी, अंगात ताप, आणि ही बाई आपल्या अंथरुणाची घडी घालत बसलेली. "अक्का, स्वल्प थांब की, मी करते," म्हटलं, तर म्हणाली, "झालंच गं." तिला धरून टॅक्सीत बसवलं. तेवढ्यात तिचे यजमान, वामनभावजी, चष्मा राहिला म्हणून आत गेले. बराच वेळ येईनात म्हणून मी पाहायला गेले, तर ते तिनं घातलेली घडी मोडून पांघरूण पुन्हा पसरत होते. चष्मा डोळ्यांवरच होता. त्यामागची गोष्ट मला पाठ होती...

आम्ही बंगळूरचे जुने मराठी, आमच्या बोलण्यात निम्मं कानडी. ही दोघं भावजींच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्याहून शेजारी आलेली. पन्नास सालानंतरचे ते दिवस. कारखान्यानं भावजींना शिकायला मँचेस्टरला धाडलं आणि शिक्षण संपत आलं तेव्हा अक्काही बोटीनं तिकडे पोचली. परतण्याआधी उत्तर इंग्लंड पाहून घ्यायचं ठरलं. पहिला मुक्काम विंडरमियरच्या तळ्याकाठी एका छोट्या हॉटेलात होता. हॉटेलात राहायची अक्काची ती पहिलीच वेळ. सकाळी उठून तिनं चादरी-ब्लँकेटांच्या घड्या घातल्या, गादी गुंडाळून भिंतीशी लावली, बॅगा भरून दाराशी ठेवल्या. परक्याच्या घरात पसारा टाकून जायचं कसं? मग दोघं दिवसभर तळ्यात बोटीतून हिंडली, टोस्टला मेतकूट लावून खाल्लं आणि भिजून परतली, तर खोलीत दुसरंच जोडपं! पाहुणे निघून गेले असं समजून मालकिणीनं खोली देऊन टाकली होती. अक्का रडकुंडीला आली. भावजींनी समजावलं, की आमच्याकडे सकाळी अंथरूण काढायची रीत आहे. मालकीण इतकी ओशाळली की आपली स्वतःची खोली त्यांना देऊन बहिणीकडे निजायला गेली. आणि आमच्या अक्कानं दुसऱ्या दिवशी तिचंही अंथरूण काढून ठेवलं.

तेव्हापासून भावजींनी युक्ती काढली. यॉर्क, डरहॅम, जिथे जिथे राहिली तिथे ही घडी घालायची आणि खोलीबाहेर पडताना ते हळूच मागे राहून ती मोडायचे. यॉर्कच्या तटबंदीवरून चालताना तिनं विचारलंच, रोज मागे काय राहतं तुमचं? त्यांनी खरं सांगितलं तेव्हा ती खूप हसली म्हणे. तिथल्या भव्य चर्चपेक्षा तिला हेच जास्त आठवायचं. बंगळूरला आल्यावरही भावजी कामासाठी परगावी निघाले, की अक्का एरवीची शिस्त सोडून त्यांचं अंथरूण तसंच ठेवायची. परत यायचंय ना त्यांना, म्हणायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी दोघांनाही चिडवायचे. आता ती म्हण माझ्या जिभेवर येत नाही.

अक्काला जाऊन महिना झाला. फार प्रेमळ बाई होती, तिच्यावाचून मला आमची गल्ली ओकीबोकी वाटते. परवा भावजींना डबा द्यायला गेले. घर झाडून लख्ख, भांडी जागच्या जागी, आणि खोलीत अक्काचं अंथरूण त्या दिवशी पसरलं होतं तसंच. चादरीवर धूळ बसलेली. बाईमाणसाचा हात, राहवेना. मी उशी उचलली, पांघरुणाचं टोक धरलं.

"राहू दे," दारातून भावजी म्हणाले.

"निदान झटकून तरी घालते, भावजी."

"नको." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील."

मी उशी होती तिथे ठेवली आणि पांघरुणाचं टोक सोडून दिलं.