दुसरा दात

तुम्हाला वाटत असेल, आता मी लिहिणार की शरयू मॅडम गेल्याचं कळलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाही लिहिणार. एक तर ती कायमच सरकत असते, नखं वाढतात त्या वेगानं, आणि हे मला मॅडमनीच शिकवलं. दुसरं म्हणजे असलं वाक्य दिसलं असतं तर त्यांनी लाल पेनानं गोल करून कडेला लिहिलं असतं, ‘किती सरकली? कुणी मोजली?’ आणि जीवाश्म म्हटल्यावर तुम्ही डायनासोरची वाट बघत असाल, तर तोही येणार नाही. मॅडमनी आयुष्यभर जी जनावरं शोधली ती तुमच्या शर्टाच्या खिशात मावली असती.

दीड महिना झाला. सकाळी काकांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा फोन आला. काका पोस्टातनं रिटायर झालेले, तार करायच्या काळातले, त्यामुळे शब्द मोजून वापरतात. म्हणाले, “शरयू गेली. पहाटे. घाईनं येऊ नका, सिंहगड रोडला ट्रॅफिक आहे.” मी घाईनंच गेलो. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमधली बंद केलेली बाल्कनी हीच आमची प्रयोगशाळा. तिथं मायक्रोस्कोपवर कापड झाकलेलं होतं आणि शेजारी ट्रे होता... आदल्या दिवशी निम्मा बघून झालेला.

मी करमाळ्याकडचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला आणि गॅदरिंगला त्याच नकलेवर बक्षीसही घेतलं. पुण्यात जिऑलॉजी करून मॅडमच्या प्रोजेक्टवर लागलो तेव्हा त्या रिटायर झालेल्या होत्या आणि डिपार्टमेंटला त्यांची स्टोअररूम हवी होती. मग मातीच्या सगळ्या गोण्या धायरीच्या पार्किंगमध्ये आल्या. सोसायटीतल्या एका आजींनी तुळशीसाठी ओंजळभर माती मागितली. मॅडम म्हणाल्या, “पाच कोटी वर्षं थांबली आहे हो ती. अजून थोडं थांबू दे.”

ती माती गुजरातेतल्या लिग्नाईट कोळशाच्या खाणीतली. आपला भारत वर सरकत सरकत आशियाला धडकत होता, त्या सुमाराला तिथं दलदल होती, आणि झाडांवर उंदराएवढी माकडासारखी जनावरं राहायची. तुमच्या-माझ्या फार फार लांबच्या नात्यातली. ती इथलीच, का जमीन जोडल्यावर बाहेरनं आली, हा मॅडमचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर दातात. हाडं कुजतात, फुटतात, दात टिकतो. माती रॉकेलमध्ये भिजवायची, मग पाण्यात, बारीक चाळणीतनं धुवायची, वाळवायची, आणि उरलेला चुरा चौकोन आखलेल्या ट्रेमध्ये पसरून मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कण बाजूला करायचा. दिवसाला एक ट्रे. बहुतेक दिवशी काही नाही. फार तर माशाचा काटा.

असल्या कामात माझ्यासारखा माणूस तिसऱ्या आठवड्यात येडा होतो. मी झालो. होस्टेलवर मेलेल्या चिचुंद्रीचा एक दात काढला, तीन दिवस चहात बुडवून ठेवला आणि मॅडमच्या ट्रेमध्ये सोडला. त्या बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिल्या. मला वाटलं, जमलं. मग डोळा न काढताच म्हणाल्या, “अहो नकलाकार, पुढच्या वेळी साखर न घालता करा. ट्रेमध्ये मुंग्या आल्यात.” आणि हसल्या, अगदी खोकला येईपर्यंत. त्या दिवसापासून बाल्कनीत चहा बिनसाखरेचा.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड कुठं? ती गोष्ट मी मॅडमच्या आवाजात कँटीनमध्ये केली, होस्टेलवर केली, परगावच्या एका परिषदेत जेवताना दोन टेबलांवर केली. मोठमोठे प्रोफेसर पोट धरून हसले. मला वाटलं, आपलं नाव झालं.

झालंच होतं. आठ महिन्यांनी एका दुपारी मॅडम बँकेत गेल्या होत्या आणि मी एकटाच ट्रे बघत होतो. खालच्या, जास्त जुन्या थरातली माती, जमीन जोडायच्या आधीची. मोहरीएवढा एक दात निघाला. दाढ होती. टोकं बोथट, फळं खाणाऱ्या माकडाची, किडे खाणाऱ्या चिचुंद्रीची नाही. मॅडम येईपर्यंत चारदा उठून दाराशी जाऊन आलो. मॅडम आल्या, बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “हा खरा आहे.”

मी नाचायच्या बेतात.

“सापडला तेव्हा बरोबर कोण होतं?”

“कोणी नाही. मी एकटाच.”

“आणि चहाची गोष्ट कुणाकुणाला माहीत आहे?”

मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. “सगळ्यांनाच, मॅडम.”

“झालं तर मग. मला खात्री आहे, पण माझ्या खात्रीवर कुणी पेपर छापत नाही. पहिला प्रश्न हाच येईल की त्या थरात हा दात होता का, का त्या पोरानं टाकला.”

मी म्हणलं, तुम्हाला सापडला असं लिहू, कुणाला काय कळतंय. त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं. “म्हणजे माझा आवाज काढून झाला, आता माझी सहीपण तुम्हीच करणार?” त्यांनीच विषय संपवला. “दुसरा शोधायचा. त्याच थरातला. साक्षीदारासकट.”

त्या थराच्या सत्तावीस गोण्या होत्या. रजिस्टरमध्ये नवीन रकाने आखले: चौकोन, वेळ, पाहणारा, साक्षीदार. आणि नियम केला की काही दिसलं की ब्रश ठेवायचा, दोन्ही हात वर करायचे आणि दुसऱ्यानं स्टुलावर बसून बघेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माशाच्या काट्यालासुद्धा मी पोलिसांनी पकडल्यासारखा हात वर करून बसायचो. आणि त्या स्टूल ओढत यायच्या. “हलू नका. ...काटा. लिहा.”

बाराव्या गोणीला त्यांचं दुखणं कळलं. किमो सुरू झाल्यावर ब्रश हातात ठरेना, तर त्या कायमच्या साक्षीदाराच्या स्टुलावर बसल्या. मी म्हणलं, आज राहू दे. म्हणाल्या, “आजार हाताला झालाय. डोळे रिकामेच आहेत.” दवाखान्यातनं आल्या की आधी मला डॉक्टरची नक्कल करायला लावायच्या, दोनदा. मग म्हणायच्या, “झालं? आता ट्रे.” एकदा राहवलं नाही, विचारलंच, मॅडम, दुसरा नसेलच तर? “नसेल तर नाही,” त्या म्हणाल्या, “पण तेही सगळ्या गोण्या संपल्यावरच कळेल. आधी नाही.”

त्या गेल्या तेव्हा नऊ राहिल्या होत्या.

शोकसभेत दोघं-तिघं म्हणाले, मॅडमचा आवाज काढ की, बरं वाटेल. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. बसला नव्हता. पुढच्या सोमवारी धायरीला गेलो, निम्मा राहिलेला ट्रे पूर्ण केला आणि नवीन गोणी भिजत घातली. काकांनी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. तेव्हापासून रोज जातो. ते स्टूल टेबलाच्या डाव्या बाजूला तसंच असतं, मी त्याला वळसा घालून जातो.

गेल्या गुरुवारी सकाळी ट्रेच्या मधल्या ओळीत, कडेपासून चौथ्या चौकोनात, एक दाणा वेगळा चमकला. ब्रश ठेवला. हात वर केले. बोथट टोकं... मोहरीएवढं. आणि मी तसाच बसलो. स्टूल ओढल्याचा आवाज येईल म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खांदे भरून आले तरी बसलो.

काका चहा घेऊन आले, माझ्याकडे बघितलं. “काय झालं?”

“चौथ्या चौकोनात काहीतरी आहे.”

त्यांनी चहा खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. “मला यातलं काही कळत नाही,” म्हणाले. “पण आहे. चार टोकं दिसतात. हा तुमचा दुसरा का कोण, ते ठरवायला तुम्हाला महिने लागतील. किती वेळ असे बसलात?”

“वीस-पंचवीस मिनिटं.”

“मी आत पेपर वाचत होतो. हाक मारायला काय झालं होतं? नकला करायला सगळं गाव चालतं, आणि हाक मारायला आवाज नाही? पंचवीस मिनिटं कुणाची वाट बघत होतात? ती येणार नाहीये. हात खाली घ्या. चौकोन लिहा, वेळ लिहा, साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा, पूर्ण, आडनावासकट. आणि सात गोण्या राहिल्यात खाली, त्या काय मी धुणार आहे?”