साहेबाच्या कादंबरीची समाप्ती

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो. महिन्यातून एकदा तिथल्या वाचनालयातून एक विलायती मासिक घेऊन कल्याणला घरी यायचो. त्यात एका इंग्रज कादंबरीकाराची गोष्ट थोडी थोडी छापून येई. वडिलांना इंग्रजीचा भारी तिटकारा. त्यांनी मासिकावर पाणी शिंपडलं, चौरंगावर ठेवायला लावलं आणि म्हणाले, "काय वाचून बिघडतोस ते कळू दे मला. मराठीत सांग."

चौरंगावर आलं म्हणजे ती पोथी झाली, आणि पोथी म्हटली की आधी कवीचं कूळ, गाव, गुरू. मासिकात त्याचं चरित्र छापलं होतं, ते मी सांगितलं. बाप दोर वळणारा. पोरगा जकात कचेरीत कारकून. पहिल्या दोन पुस्तकांना कुणी विचारलं नाही, तिसऱ्यानं नाव झालं. चार मुली, गुडघेदुखी. गुरू सापडेना.

"कारकून?" माझ्याकडे बघत वडील म्हणाले. "मग थापा मारणं ओघानंच आलं."

गोष्ट एका चक्कीवाल्या म्हाताऱ्याची होती. त्याचा मुलगा भांडून जहाजावर निघून गेलेला. ते ऐकताच आईनं माझ्याकडे चोरून पाहिलं. माझा थोरला भाऊ समुद्र ओलांडून एडनला नोकरीला गेला होता आणि त्या दिवसापासून वडिलांनी त्याचं नाव टाकलं होतं. पत्रं यायची, आई ती माझ्याकडून गुपचूप वाचून घ्यायची. पण चक्कीवाल्याच्या पोराची चौकशी वडील उघड करायचे. "पोहोचला का रे तो?"

आठव्या महिन्याच्या अंकात गोष्टच नव्हती. कादंबरीकार वारला, लेखन अर्धंच राहिलं, एवढं छापलं होतं. वडील तडक विहिरीवर गेले.

"अहो, तो साहेब!" आई म्हणाली.

"सात महिने घरात बसत होता. बातमी इतकी उशिरा आली, म्हणून सुतक नाही. नुसती अंघोळ." ओल्या पंच्यानं परत येऊन त्यांनी मला फर्मावलं, "आणि पोथी अर्धी सोडायची नाही. समाप्ती कर. शिरा कर गं."

झालं! जकातीवरच्या कारकुनाचं काम कचेरीतल्या कारकुनावर आलं. मासिक उघडून मी ठोकून दिलं, की मुलगा परत आला, दारात उभा राहिला आणि त्यानं बापाला साष्टांग नमस्कार घातला.

"साहेबाचा पोर?" वडील म्हणाले. "साष्टांग?"

आईच्या हातातला झारा तसाच राहिला.

"थापाड्या. पण ते राहू दे. म्हातारा त्याला आत घेतो का, ते सांग."

मी घ्यायला लावणारच होतो, पण भीती वाटली. ही थाप पचली नाही तर एडनचं दार कायमचं बंद. म्हणून खरं तेच बोललो. "ते कुणी लिहिलेलं नाही."

वडिलांनी चौरंगावरचं मासिक मिटलं. शिरा गार झाला.

"दौत आण," ते म्हणाले. "मी सांगतो तेवढंच लिही. पदरचं घालू नकोस."

मी बोरू टेकवला. त्यांनी घसा खाकरला.

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तिकडे पाणी गोड मिळते का?"

पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. तेवढंच पत्र दुसऱ्या दिवशी मी टपालात टाकलं.