अमेरिकेला जाण्याआधीचा शुक्रवार

विमानातून कुवेत आधी पिवळट दिसलं, मग एकदम निळं पाणी. सालमियात माझी धाकटी बहीण शुभा राहते, बँकेत नोकरी करते. मी गेले ते तिच्या मुलीसाठी. इरा शिकायला अमेरिकेला निघाली होती. तिथल्या एका चर्चचं पत्र आलं होतं : पहिला आठवडा आमच्या एका कुटुंबाकडे राहा. शुभा होकार देत नव्हती.

"ताई, बाटवतील तिला," खुबूस (भट्टीतली मऊ रोटी) तोडत ती म्हणाली.

"मम्मा, इट्स जस्ट वन वीक," इरा म्हणाली.

शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, आम्ही तिघी कुवेतमधल्याच एका चर्चच्या आवारात, अमेरिकेला निघालेल्या मुलांसाठीच्या वर्गाला गेलो. टॅक्सीवाल्याने भलत्याच फाटकाशी उतरवलं. दहा मिनिटं उन्हातून चालावं लागलं. वर्ग घेणाऱ्या रोझीबाई मूळच्या वसईच्या. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या चालीरीती आणि श्रद्धा समजावून सांगण्यात त्यांनी अमेरिकेतच एका चर्चतर्फे बरीच वर्षं घालवलेली. त्यांनी केकची ताटली इरापुढे धरली.

"घेणार?"

"नको."

ताटली मागे गेली. "संपलं. तिथे आग्रह नसतो. लाजशील तर उपाशी राहशील."

मला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी ओहायोत शिकायला गेले तेव्हा, चर्चच्या अशाच एका कुटुंबाच्या घरी, भिडेपोटी 'नको' म्हटलं आणि गरम बटाट्यांचं भांडं माझ्यासमोरून पुढे गेलं होतं.

शुभाने सरळच विचारलं, "बाई, प्रार्थनेला बसवतील?"

"बोलावतील. नको म्हटलं की तिथेही संपलं. कोणी मागे लागलंच तर हिने मला फोन करायचा."

"मलाही बोलावलं होतं," मी म्हणाले. "नको म्हटलं. घराची किल्ली माझ्याकडे देऊन ते चर्चला गेले. परत आल्यावर आम्ही मिळून सफरचंदं सोलली."

"हे कधी बोलली नाहीस."

"आईने परत बोलावून घेतलं असतं."

"मीही घेतलं असतं," शुभा म्हणाली.

संध्याकाळी समुद्राकाठी बसून इराने उत्तर लिहिलं : येईन. प्रार्थनेला बसणार नाही. पण तुम्ही प्रार्थनेत काय मागता, ते ऐकायला आवडेल.

शुभाने दोनदा वाचलं. "पाठव," म्हणाली.

परतीच्या विमानात इराची शेवटची ओळ माझ्या मनातून जाईना. मी ओहायोतल्या त्या घरी सात दिवस जेवले, नंतर दर नाताळला कार्ड पाठवलं. ते प्रार्थनेत काय मागतात, हे मात्र कधी विचारलं नाही. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या पत्नी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मुंबईत सामानाची वाट पाहत उभी होते, तेव्हाच त्यांना लिहायला घेतलं.