साहेबांसाठी घातलेला सडा

रस्ता आमच्या वस्तीतून न्यायचा असं साहेबांनी ठरवलं, तो मंगळवार होता.

साखर कारखान्याकडे जाणारा नवा रस्ता दुष्काळी कामातून करायचा होता. तो आमच्या दारांवरून न्यायचा की मागच्या माळावरून, एवढाच प्रश्न होता. दारांवरून गेला तर उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धूळ उडवत जाणार. माझ्या बायकोला, शेवंताला, दमा होता. मी शाळेत मास्तर, म्हणून अर्ज मीच लिहिला. धुळीचा त्रास किती, ते पाहायला हे साहेब आले.

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. कडक इस्त्रीची पँट, खिशात पांढरा रुमाल आणि तोंडी एकच वाक्य: "आम्ही दिसतं तेवढंच लिहितो." तो रुमाल ते जीपच्या बॉनेटवर पसरत आणि त्यावर धूळ बसेपर्यंत चहा पीत. याला ते तपासणी म्हणत.

त्या सकाळी बायांनी टँकरचं पाणी घागरींतून आणून सगळ्या वाटेवर सडा घातला. पुढं शेवंता.

"अगं, त्यांना धूळच दाखवायचीय," मी म्हणालो.

"म्हणून काय पाव्हण्याला धुळीत बसवायचं व्हय? बरं दिसतं का ते?"

साहेब ओल्या मातीतून बूट सांभाळत आले. रुमाल पसरला. चहा संपला तरी तो पांढराच.

"मास्तर, कुठं आहे तुमची धूळ?"

शेजारची म्हातारी गंगूबाई ओट्यावरून म्हणाली, "सायेब, तुमच्यासाठी पानी मारलंय. प्यायचं पानी हाय ते. उद्या या, नुसतं उभं ऱ्हावा."

"उद्या मला परंड्याला जायचंय. आणि बाई, आम्ही दिसतं तेवढंच लिहितो."

त्यांनी रुमालाची नीट घडी घातली. बुटांना चिखल लागला होता, दारोदार रिकाम्या घागरी होत्या. तेही दिसतच होतं. ते त्यांनी लिहिलं नाही. दिसणाऱ्यातलं सोयीचं तेवढंच टिपणारी ही माणसं पुढं बढती घेतात. यांनीही घेतली.

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर दोन गळीत हंगाम शेवंता खोकत राहिली. तिसरा तिनं पाहिला नाही.

निवृत्तीनंतर साहेबांनी जिल्ह्याच्या गावी हमरस्त्याला लागून घर बांधलं. एकदा तिथून जाताना ते दिसले. अंगात बनियन, नाकाला रुमाल बांधलेला, घरापुढच्या रस्त्यावर तांब्यानं पाणी मारत होते. मला त्यांनी ओळखलं नाही.

"फार धूळ हो इथं," ते खोकत म्हणाले. "किती अर्ज दिले. कुणी बघायलासुद्धा येत नाही."

पायाशी ठेवलेली भरली बादली उचलायला ते वाकले. ती धरावी असं क्षणभर वाटलं. मी धरली नाही.

आता साहेबही गेले. आमच्या वस्तीतला रस्ता डांबरी झाला आहे. सकाळी दारात सडा मी घालतो.