माळावरचे चुन्याचे दगड

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आधी आई म्हणायची, आता नवरा म्हणतो. शाळेत गणित शिकवतानासुद्धा मी खुर्चीत टेकत नाही. रविवारी तर घर खायला उठतं. म्हणूनच काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळात शिरले. मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा हौशी माणसं. सोलापूरकरांना पहाटे माळावर फिरायला न्यायचं, पक्षी-हरणं दाखवायची, कागद-बाटल्या वेचायच्या, उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे कापून वणवा अडवायचा. पगार कुणालाच नाही, मानपान सगळ्यांना. बैठकीत भांडणं होतात ती तर विचारूच नका.

नवी पेठेतला माझा ओळखीचा साडीवाला दरवेळी विचारतो, "टीचर, तिथं एक झाड नाही म्हणे, मग बघता काय?" त्याला काय सांगणार? मोकळा माळ, गुडघाभर पिवळं गवत आणि वारा, एवढंच असतं. मला तेवढंच पुरतं. चालत राहिलं की डोक्यातली कटकट थांबते.

फिरायला निघालं की सगळ्यांत पुढे एक जण आणि सगळ्यांत मागे एक जण, हा आमच्याकडचा नियम. मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटानं कुणाच्याही पुढे जायचं नाही, कुणी फोटो काढत बसलं तर त्याच्यासाठी थांबायचं. त्या ऑक्टोबरात एका रविवारी शेपूट मी होते. आता मला सांगा, मला शेपूट करणाऱ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती? एक वयस्कर जोडपं दर दहा पावलांना थांबत होतं. अर्धा तास मी दात-ओठ खात कळ काढली. मग म्हटलं, येतील की मागून, सरळ तर माळ आहे, आणि निघाले तरातरा.

ते दोघं मागून आलेच नाहीत. सपाट माळावर चुकायला डोंगर-दरी लागत नाही. चारी दिशा सारख्या दिसतात. दुपारी साडेबाराला ते भलत्याच रस्त्यावर एका टेम्पोवाल्याला सापडले, बाईंना ऊन लागलेलं. बैठकीत सगळ्यांनी मला फैलावर घेतलं. चूक माझीच होती, पण म्हणून मी गप्प बसणारी नव्हे. मी म्हणाले, "माणसं चुकतात कारण वाटच नाही! खुणा करा. दगडांना चुना लावा, म्हणजे शेपूट असो नसो, कुणी हरवणार नाही."

आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. 'खुणा' म्हटल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की निवृत्ती रद्द झाल्याचा कागद आल्यासारखं वाटलं. त्यांनी कपाटातून मोजणीची टेप काढली, जुनी खाकी टोपी काढली. मी वही घेतली. एक निवृत्त इंजिनिअर आणि एक गणिताची मास्तरीण! जिथे चार दगडांवर बाण काढून भागलं असतं, तिथे आम्ही बरोबर शंभर-शंभर मीटरवर दगड लावले, प्रत्येकाला पांढरा चुना, त्यावर गेरूनं आकडा. एक ते चोवीस. वहीत नकाशा. दोन दिवस मी उन्हात पळत होते आणि मला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सतराव्या दगडाशी मेंढरांचा कळप आडवा आला. टेप मेंढरांच्या पायात अडकली. मागून एक म्हातारा मेंढपाळ आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला पटका. हा भाग आम्हाला नवा होता, त्यामुळे तो आम्हाला ओळखत नव्हता, आम्ही त्याला. त्यानं विचारलं, "काय करतायसा, बाई?"

मापं चुकली होती, ऊन डोक्यावर आलं होतं. मी खेकसले, "दिसत नाही का? मोजणी चाललीय. मेंढरं बाजूला घ्या."

त्यानं काही विचारलं नाही. मेंढरं बाजूला घेतली. थोडा वेळ लांबून आकड्यांकडे बघत उभा राहिला आणि गेला. साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं माझं झालं, पण ते मला कळायला दोन महिने लागले.

डिसेंबरात आम्ही त्या वाटेवरून पहिली मोठी फेरी काढली. चाळीस माणसं. एकही चुकलं नाही. साहेब दर दगडापाशी थांबून भाषण करत होते. तिथे एकही मेंढरू दिसत नव्हतं आणि गवत कसं उभं होतं! मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, यंदा चराईच नाही. माळ कसा भरलाय!" आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चोविसाव्या दगडाच्या पुढे एक वस्ती आहे, सात-आठ घरांची. पाणी मागायला मी आणि साहेब तिथे गेलो. एका घरापुढे मेंढरांचा वाडा होता, काटेरी फांद्यांचा, आणि रिकामा. एक बाई तांब्या घेऊन आली. मी सहज विचारलं, "मावशी, मेंढरं लांब गेलीत का चरायला?"

"इकली की."

"सगळी?"

"सगळी. माळ सरकार घ्याय लागलंय न्हवं? दगुड मांडून आकडं घालून गेल्यात. आमच्या मालकानं डोळ्यानं बघितलं. पुना समद्यांनी बाजारात आनली की कोन इचारतंय? म्हनून आदी आपली वैरागच्या बाजारात नेली. पडत्या भावानं गेली, पर गेली. ल्योक आता सोलापुरात कारखान्यावर हमाली करतोय."

मी तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात घराच्या सावलीतून तो म्हातारा उठून आला. मला बघितलं आणि बायकोला म्हणाला, "ह्याच की त्या मोजनीवाल्या बाई."

त्यांच्या आवाजात राग असता तर परवडलं असतं. राग नव्हता. त्यांनी घोंगडं अंथरलं आणि साहेबांना विचारलं, "घरं बी जातील का हो, का नुसता माळ?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बोलावं लागलं मलाच. मी म्हणाले, "मामा, सरकार नाही. कुणी काही घेत नाही. आम्ही सोलापूरहून फिरायला येतो. आमची माणसं चुकू नयेत म्हणून आम्हीच ते दगड लावलेत."

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "फिराया?"

"होय."

"मंग तुमी मोजनी म्हनला ते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र भडकल्या. "फिराया दगुड लागत्यात व्हय? मेंढराच्या वाटंनं चालायचं की! माझ्या हातावर वाडलेली कोकरं कसायाच्या दारात गेली, आन् ह्ये म्हनं फिराया!" त्या रडल्या नाहीत. आत गेल्या आणि भांडी आपटत राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि पळताही येत नव्हतं.

त्यानंतर मी एकही रविवार घरी बसले नाही. वैरागच्या बाजारात दोनदा गेले. मामांच्या मेंढरांच्या कानाला विशिष्ट चीर असते, ती मामांनी मला दाखवून ठेवली होती. मी तिथे शेकडो कान बघितले. बाजारातली माणसं मला वेडी समजत होती, समजू देत. एकही सापडलं नाही. दोन महिन्यांनी मेंढरू बाजारात उभं असतं का कुठे? मलाही ते कळत होतं, पण काही केल्याशिवाय मला बसवत नव्हतं.

मंडळात मी हट्ट धरला की दगड उखडून टाका. साहेब म्हणाले, "मॅडम, पुन्हा माणसं चुकतील, पुन्हा तुम्हालाच बोलणी बसतील. आकड्यांमुळे मोजणी वाटते. आकडे घासून काढू, चुना राहू द्या." मीही मान डोलावली. तारेचा ब्रश घेऊन आम्ही चोवीस आकडे घासले. मग मी वस्तीतल्या घराघरांत गेले, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बाहेर बोलावून बोलावून सांगितलं, "या माळावर चुन्याचा दगड दिसला तर तो आमचा. सरकारचा नाही. बिनधास्त राहा." एकदा नाही, दहादा सांगितलं. सांगितलं की दोन दिवस झोप लागायची, मग पुन्हा तळमळ सुरू.

मामांना ते पटायला वेळ लागला. ते म्हणायचे, "तुमचं खरं आसंल बाई. पर दगुड बी खराच वाटला हुता." मावशी तर माझ्याशी बोलायच्याच नाहीत. मी जायची, ओट्यावर बसायची, पाच मिनिटांनी उठायची, वाड्याभोवती फेऱ्या मारायची. एकदा मामा हसून म्हणाले, "बाई, तुमास्नी बी चाराय न्यायला पायजे." त्या दिवशी पहिल्यांदा मावशींनी मला चहा दिला.

शेवटी पावसाळा सरता सरता मामांनी पुन्हा मेंढरं आणली. स्वतःची नव्हेत, मेव्हण्याची, अर्धलीनं. म्हणजे मेंढ्या त्याच्या, सांभाळायचं यांनी, कोकरं निम्मी निम्मी. मेव्हणा तयार नव्हता. माळाचा भरवसा काय, म्हणत होता. मामांनी त्याला माझं नाव सांगितलं. "शाळंतल्या बाई हायती, त्यांनी शबुद दिलाय." हे मला मावशींनी सांगितलं, आणि सांगताना माझ्या हातावर हात ठेवला. लेकानं हमाली सोडली. वाड्याला नवा काटा लागला. मला वाटलं, सुटलो आपण. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

परवाच्या रविवारी मी एकटीच लवकर गेले. फेरी पुढच्या आठवड्यात होती, वाट बघून ठेवावी म्हणून. मोजत मोजत सोळाव्या दगडापाशी आले तर मला आणखी एक दगड दिसला, डावीकडे. पांढरा. त्याच्यापुढे आणखी एक. मला आधी साहेबांचाच राग आला. न विचारता नवी वाट काढली म्हणून! जवळ गेले. चुन्यावर लाल रंगात आकडे होते, पुढे इंग्रजी अक्षरं. शेजारी लोखंडी खुंटी ठोकलेली, तिला लाल फीत. आमची वाट वळणावळणानं जाते. हे दगड सरळ रेषेत माळ कापत वस्तीकडे गेले होते.

मी साहेबांना फोन लावला. "तुम्ही लावलेत का?"

"मी? नाही हो. किती अंतरावर आहेत?"

मी पावलं टाकून मोजलं, सांगितलं. खुंटीचंही सांगितलं. त्यांची नोकरी याच कामात गेलेली. मग म्हणाले, "मॅडम, ते खरे आहेत."

कशासाठी, कुणाचे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सौरऊर्जेचे असतील, रस्त्याचे असतील, चौकशी करू, म्हणाले. मागे घंटांचा आवाज आला. मामा मेंढरं घेऊन येत होते. सगळा कळप त्या नव्या दगडांच्या दोन्ही बाजूंनी चरत पुढे सरकत होता. एक कोकरू लाल फीत चावत होतं. मामांनी मला बघून काठी वर केली आणि लांबूनच ओरडले, "पुना आकडं घातलं व्हय बाई? घाला, घाला! आमी आता भीत न्हाय."

ते जवळ आले. परवा माणसं आली होती, म्हणाले, टोपीवाली, यंत्र घेऊन. वस्तीतली पोरं घाबरली, पण मामांनी त्यांना सांगितलं, ती फिराया येनारी मंडळी हायती, पानी पाजा. मावशींनी त्यांना चहाही केला होता. कुणी काही विचारलं नव्हतं. मीच त्यांना विचारायचं नाही असं शिकवलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "हे दगड आमचे नाहीत."

मामा हसायला लागले. "लई गमतीच्या हायसा बाई तुमी." आणि मेंढरांना पुढे हाकायला त्यांनी काठी उचलली.

मी त्यांचा हात धरला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाले.